त्रिएस्तेहून गोरित्सिया आणि बर्दा: सीमेवरच्या द्राक्षटेकड्यांत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेजवळ असलेल्या त्रिएस्तेत आयसीटीपी ही भौतिकशास्त्राची संस्था १९६४ पासून आहे. जगभरातून संशोधक येतात आणि त्यांत पुण्या-मुंबईचं कोणी ना कोणी असतंच. आम्हीही तसेच इथे आलो आणि राहिलो. नवीन आलेली मंडळी पहिला रविवार व्हेनिसला घालवतात. दुसऱ्या रविवारी कुठे जायचं असं विचारलं की मी एकच उत्तर देते: गोरित्सियाला जा, तिथून चालत स्लोव्हेनियात जा, आणि दुसऱ्या दिवशी बर्दाच्या टेकड्या चढा.

सीमाभाग म्हटलं की आपल्याला बेळगाव-निपाणी आठवतं. एकाच गल्लीत दोन भाषा, एकाच गावाची दोन नावं ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे की हा भाग ‘आज इटली, उद्या स्लोव्हेनिया’ असा तुकडे करून पाहू नका. सकाळी इकडे, दुपारी तिकडे, आणि एकाच द्राक्षाची वाइन दोन्हीकडे चाखा. तरच इथलं काही हाती लागतं.

निघण्यापूर्वी: नावं

इथे प्रत्येक ठिकाणाला किमान दोन नावं आहेत आणि पाट्यांवर कधी एक असतं, कधी दोन्ही. त्रिएस्तेला स्लोव्हेन भाषेत त्र्स्त म्हणतात. गोरित्सियाला गोरित्सा, आणि जुन्या ऑस्ट्रियन काळातलं नाव ग्योर्त्स. नदी इटालियनमध्ये इझोंत्सो, स्लोव्हेनमध्ये सोचा. द्राक्षांच्या टेकड्या इटलीच्या बाजूला कोल्लिओ, पलीकडे बर्दा. दोन्हीचा अर्थ टेकड्याच. गोरित्सा म्हणजे लहानसा डोंगर. त्यातला ‘गोरा’ हा शब्द आपल्या ‘गिरी’चा भाषाशास्त्रातला सख्खा भाऊ आहे. हे कळलं तेव्हा मला इथलं परकेपण एकदम कमी झाल्यासारखं वाटलं.

बसथांबा किंवा स्टेशन शोधताना दोन्ही नावं कागदावर लिहून ठेवा. ‘गोरित्सिया’ आणि ‘नोवा गोरित्सा’ ही दोन वेगळी शहरं आहेत, दोन्हींना आपापलं रेल्वे स्टेशन आहे. रात्रीच्या गाडीला चुकीच्या स्टेशनवर उभं राहिलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

कागदपत्रं

स्लोव्हेनिया २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे इटलीचा शेंगेन व्हिसा तिकडेही चालतो. चलनही युरोच. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. पायी जाताना बहुतेक वेळा कोणी अडवत नाही, तरीही मूळ पासपोर्ट जवळ हवाच. मोबाइलमधला फोटो पुरत नाही. इटलीत राहायला आलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. निवास परवान्याचं कार्ड हातात नसेल आणि नुसती अर्जाची पावती असेल, तर त्या पावतीवर सीमा ओलांडू नका. एंट्री व्हिसाची मुदत शिल्लक आहे का ते आधी बघा.

कधी जावं

जूनच्या सुरुवातीला बर्दात चेरी पिकते. झाडाखाली उभं राहून खाल्लेली ती चेरी बाजारातल्या चेरीसारखी लागत नाही. सप्टेंबरमध्ये द्राक्षकाढणी असते, आणि महिन्याच्या अखेरीस गोरित्सियात ‘गुस्ती दी फ्रोंतिएरा’ हा मोठा खाद्यमेळा भरतो. गर्दी फार, पण एकदा पाहावा. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. त्या दिवशी आंबत असलेला द्राक्षरस वाइन झाला असं मानतात आणि गावोगावी जेवणावळी उठतात. मला विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला: काढणी उरकलेली, माणसं निवांत, वेलींची पानं पिवळी-तांबडी. हिवाळ्यात बोरा नावाचा ईशान्येचा वारा सुटतो. तो ताशी शंभर किलोमीटरच्या पुढेही जातो, तेव्हा छत्री घरीच ठेवा.

पहिला दिवस: दोन गोरित्सा, पायी

त्रिएस्तेहून प्रादेशिक गाडीने तासाभराच्या आत गोरित्सिया येतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. स्टेशनपासून शहर चालत पार करायला पाऊण तास धरा. वाटेत जुनी बाजारपेठ, वर टेकडीवर किल्ला. किल्ल्याच्या पायथ्याशी थांबून कॉफी प्या. त्रिएस्तेची कॉफीची भाषा मात्र इथे वापरू नका. ‘नेरो’ म्हणजे एस्प्रेसो आणि ‘कापो’ म्हणजे वर थोडं फेसाळ दूध, हे त्रिएस्तेतच नीट कळतं.

मग उत्तरेकडे चालत त्रान्साल्पिना चौकात या. स्लोव्हेन लोक याच चौकाला युरोप चौक म्हणतात. समोरची भारदस्त इमारत म्हणजे नोवा गोरित्साचं स्टेशन, १९०६ सालचं, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात बांधलेलं. सप्टेंबर १९४७ मध्ये पॅरिसच्या तहाप्रमाणे इथे सीमा आखली गेली. आपल्याकडे फाळणीची रेघ पडून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. स्टेशन युगोस्लाव्हियाकडे गेलं, जुनं शहर इटलीकडे राहिलं, आणि चौकातून कुंपण गेलं. शहरावाचून उरलेल्या मुलखासाठी युगोस्लाव्हियाने एडवर्ड राव्हनिकार या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावरून नवं शहर उभारायला घेतलं, तेच नोवा गोरित्सा. चौकातलं कुंपण २००४ साली निघालं. आता तिथे जमिनीत बसवलेली एक गोल खूण आहे. मुलं त्यावर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. २०२५ मध्ये ही दोन शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती.

फोटो काढून लगेच पुढे जाऊ नका. स्टेशनातलं छोटं संग्रहालय बघा आणि झाडूंच्या रविवारची गोष्ट विचारा. १३ ऑगस्ट १९५० रोजी युगोस्लाव्हियाकडचे हजारो लोक नातेवाइकांना भेटायला सीमेवर जमले आणि पहारा ओलांडून गोरित्सियात शिरले. दुकानं उघडली गेली. लोकांनी सगळ्यात जास्त काय विकत घेतलं, तर झाडू. त्यांच्याकडे तेव्हा साधा झाडूही मिळत नव्हता. संध्याकाळी ते झाडू खांद्यावर टाकून परत गेले. मीरेन गावात तर सीमा थेट दफनभूमीतून गेली होती आणि ती तशीच १९७५ पर्यंत राहिली. आपल्याच माणसाच्या कबरीवर फूल ठेवायला दुसऱ्या देशात जावं लागणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

दुपारी वेळ असेल तर कोस्तान्येवित्साच्या मठापर्यंत चढून जा. फ्रान्सचा राजा दहावा शार्ल १८३६ मध्ये गोरित्सियात वारला आणि इथल्या तळघरात पुरला गेला. मे महिन्यात मठाच्या बागेतले बूर्बों गुलाब फुललेले असतात. नोवा गोरित्साला लागूनच असलेल्या सोल्कानचा रेल्वे पूलही जवळच आहे. ८५ मीटरची त्याची दगडी कमान रेल्वेच्या दगडी पुलांमध्ये जगात सर्वांत मोठी आहे.

दुसरा दिवस: बर्दा आणि कोल्लिओ

इथे गाडी लागते. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. स्लोव्हेनियात महामार्गावर जायचं असेल तर ई-विन्येता, म्हणजे टोलचा पास, आधी ऑनलाइन काढा. टेकड्यांतल्या साध्या रस्त्यांना ती लागत नाही. मद्याची मर्यादा दोन्ही देशांत रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम, नवख्या चालकांना शून्य. चालवणाऱ्याने त्या दिवशी फक्त चाखून थुंकायचं, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाका.

सोल्कानहून बर्दाकडे जाणारा रस्ता साबोतिन डोंगरावर थोडं अंतर चक्क इटलीतून जातो. इटली आणि युगोस्लाव्हियाच्या १९७५ च्या ओसिमो करारात तो ठरला. त्या टप्प्यात दोन्ही बाजूंना उंच कुंपण आहे आणि बाहेर पडायला वाट नाही. थांबू नका, नुसतं बघत पुढे जा. मग गोन्याचेचा मनोरा चढा: सगळ्या टेकड्या, मागे आल्प्स, हवा स्वच्छ असेल तर समुद्र. सीमा कुठून जाते ते वरून अजिबात ओळखू येत नाही. श्मार्त्नो हे तटबंदीतलं गाव पायी फिरायला अर्धा तास पुरतो.

आता वाइन. तळघरांना आधी ईमेल किंवा फोन करा, दोन-तीन दिवस तरी आधी. साध्या इंग्रजीत चालतं. पहिल्या वर्षी आम्ही सप्टेंबरच्या रविवारी सहाजण न कळवता एका घरी जाऊन धडकलो होतो. मालक हात रसाने माखलेले, डोळ्यांत झोप नाही, तरीही नम्रपणे ‘आज नाही’ म्हणाला. काढणीच्या दिवसांत त्याचा एकेक तास किती मोलाचा असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ही कारखान्यांची नव्हे, घरांची तळघरं आहेत. पाच-सहा प्रकार ओततात, प्रत्येकी दोन घोट. टेबलावरची बादली थुंकण्यासाठी आणि उरलेली ओतण्यासाठीच असते, त्यात अपमान नाही. मधे ब्रेड आणि पाणी घ्या. निघताना निदान एक बाटली विकत घ्यावी.

काय मागायचं? सगळ्यात आधी रेबुला. इटलीत तिलाच रिबोल्ला जाल्ला म्हणतात. हे इथलं जुनं पांढरं द्राक्ष. दोन्ही बाजूंची चाखल्याशिवाय परतू नका. दुसरी, जिला इटलीत आता फ्रिउलानो म्हणतात ती. पूर्वी तिचं नाव तोकाय होतं. हंगेरीच्या तोकाय प्रांताने नावावर हक्क सांगितला आणि २००७ पासून इथे ते नाव वापरता येईनासं झालं. स्लोव्हेनियातल्या काही उत्पादकांनी मग बाटलीवर ‘याकोत’ लिहायला सुरुवात केली. तो शब्द रोमन अक्षरांत उलटा वाचून बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे नारिंगी वाइन, जिच्यासाठी लोक मुद्दाम इथे येतात. संत्र्याशी तिचा काही संबंध नाही. एरवी पांढऱ्या वाइनसाठी रस काढला की साली फेकतात. इथे साली रसातच ठेवून आंबवतात, काही दिवस, कधी काही महिने. त्यातून तिला तांबूस-सोनेरी रंग येतो आणि चहासारखा तुरटपणा. गोरित्सियाला लागूनच असलेल्या ओस्लाव्हिया गावात योश्को ग्राव्हनेर आणि स्तांको रादिकोन यांनी ही जुनी रीत पुन्हा मार्गी लावली. ग्राव्हनेर यांनी २००१ पासून जॉर्जियाहून आणलेले मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यांत वाइन करायला सुरुवात केली. ही वाइन फार गार पिऊ नका, चव मिटते. पहिला घोट अनेकांना आवडत नाही. दुसरा जेवणाबरोबर घ्या. आमच्या घरी ती भरल्या वांग्याबरोबर जशी जमते तशी कुठलीच पांढरी वाइन जमलेली नाही.

मातीबद्दल सांगितल्याशिवाय कोणी तुम्हाला सोडणार नाही. इटलीत तिला पोंका म्हणतात, स्लोव्हेनियात ओपोका: एके काळच्या समुद्रतळाचे मार्ल (चुना मिसळलेल्या चिकणमातीचा ठिसूळ दगड) आणि वालुकाश्माचे थर. तासगावचे माझे मामा इथे आले होते, जन्मभर द्राक्षबाग केलेले. बर्दातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने वाटेतला राखाडी दगड उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटायला खुणावलं. दगडाचा भुगा झाला. ऊन-पावसात उघडा पडला की तो असा फुटतो आणि मुळं खाली शिरतात. मामांनी भुगा हुंगला, खिशातून रुमाल काढून त्यात थोडा बांधून घेतला. मग दोघं वेलीपाशी बसले. मामा विचारत होते, काडीवर किती डोळे राखता? भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. बोटांवर मोजणं चाललं होतं. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, अशा दोन. इथे पानं झडून वेल झोपला की हिवाळ्यात एकच. मामांनी दोन बोटं दाखवली, म्हाताऱ्याने एक. अर्धा तास ते तिथेच होते, आणि मी मधे पडून भाषांतर केलं नाही.

पीत नसाल तरी संकोच करू नका. इटालियनमध्ये ‘नॉन बेव्हो’, स्लोव्हेनमध्ये ‘ने पियेम’ म्हणा. स्लोव्हेनियात बेझेग नावाच्या झुडपाच्या फुलांचं सरबत मिळतं, ते मला वैयक्तिकरीत्या फार आवडतं.

परतताना: ओस्मित्सा

त्रिएस्तेकडे परतताना कार्स्ट पठारावरून या. इथली माती लोहामुळे लाल असते आणि तेरान नावाची आंबटसर, गडद लाल वाइन तिच्यातून येते. रस्त्याच्या कडेला आयव्हीच्या हिरव्या फांद्यांचा जुडगा आणि लाल बाण टांगलेला दिसला की वळा. ती ओस्मित्सा. १७८४ मध्ये दुसऱ्या योझेफ सम्राटाने शेतकऱ्यांना घरची वाइन आणि खाणं घरातच विकायची मुभा दिली, ती आठ दिवसांसाठी. स्लोव्हेनमध्ये आठ म्हणजे ‘ओसेम’, म्हणून ओस्मित्सा, आपल्या अष्टमीसारखं. आज मुदत जास्त असते, पण प्रत्येक घर वर्षातले ठरावीक दिवसच उघडतं, म्हणून निघण्यापूर्वी आज कुठलं उघडं आहे ते इंटरनेटवर बघा. रोख पैसे जवळ ठेवा.

आत अंगणात बाकं. चीज, हॅम, सलामी, लोणची, ब्रेड, उकडलेली अंडी. वाइन लिटरच्या हिशेबाने. अंड्यावर क्रेन नावाचं झणझणीत मूळ किसून घ्या, नाकात मोहरीसारखी झिणझिणी येते. अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतील, ती इथली पद्धत आहे. ‘दोबेर दान’ किंवा ‘ब्वोन जोर्नो’, जे समोरून येईल तेच परत करा.

शाकाहारींसाठी

उपाशी राहावं लागत नाही, पण विचारावं लागतं. ‘सेन्झा कार्ने’ किंवा ‘ब्रेझ मेसा’, म्हणजे मांसाशिवाय. योता हे राजमा, बटाटा आणि आंबवलेल्या कोबीचं दाट कढण. दिसतं शाकाहारी, पण बहुतेकदा त्यात धुरावलेलं डुकराचं मांस असतं. पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, ओत्स्विर्की, म्हणजे चरबीच्या कुरकुरीत फोडी, न विचारता पेरल्या जातात. फ्रिको बिनधास्त मागवा: मोंतासिओ चीज आणि बटाटा तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस, जाड धिरड्यासारखा. फ्रिताया म्हणजे रानातल्या कोवळ्या पाल्याचं ऑम्लेट. अंडं चालत असेल तर वसंतात जरूर खा.

आणि आलुबुखारचे न्योक्की. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत अख्खं फळ, बी काढलेल्या जागी साखर, पारी मिटून पाण्यात उकळायचं आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात व दालचिनीत घोळवायचं. पहिल्यांदा समोर आले तेव्हा मला आईचे मोदक आठवले. इथे मात्र ते जेवणाच्या सुरुवातीला येतात.

हिवाळ्यात गेलात तर गोरित्सियाच्या बाजारात गुलाबासारखी दिसणारी लाल पालेभाजी शोधा, रोझा दी गोरित्सिया. ती थंडीत शेतातून मुळासकट उपटून अंधाऱ्या उबदार जागी ठेवतात, पूर्वी गोठ्यात ठेवत. बाहेरची पानं सडतात, आतून हा घट्ट गुलाब निघतो. म्हणूनच महाग. थोडीच घ्या, मूळ टाकू नका. सोलून तेही खातात.

भारतात नेताना

माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात. एक कोल्लिओची घ्या, एक बर्दाची, दोन्ही रेबुला, शक्यतो एकाच सालच्या. घरी लेबलं झाकून ओता आणि कुठली कोणत्या देशाची ते ओळखायला सांगा. आमच्याकडे अजून कोणाला खात्रीने जमलेलं नाही. सुरक्षा तपासणीत केबिन बॅगेतून काढून घेतात, म्हणून चेक-इनच्या बॅगेतच ठेवा: जाड मोज्यात, मग टॉवेलात, आणि कपड्यांच्या अगदी मधोमध.